समुद्रातला डोंगर : घारापुरी

दिवाळीची सुट्टी लागली की घरोघरी एकच विषय निघतो : यंदा कुठं जायचं? आपल्या साक्रीकडं तर या सुट्टीत शेतात कापूस वेचायचा असतो, मक्याची कणसं खळ्यात पडलेली असतात. त्यामुळं भाऊबीज होईपर्यंत कुणी गाव सोडायचं नाव काढत नाही. मग उरतात पाच-सहा दिवस. तेवढ्यात जाऊन यायचं, आणि पाहायचं मात्र असं काहीतरी की शाळा उघडल्यावर वर्गात सांगता आलं पाहिजे!

तर तुम्हाला एक जागा सुचवतो. तिथं डोंगर आहे, पण तो समुद्रात आहे. डोंगराच्या पोटात देऊळ आहे, पण ते कुणी बांधलेलं नाही. गावाला नाव आहे घारापुरी, आणि सारं जग तिला एलिफंटा म्हणतं.

साक्रीला रेल्वे नाही, हे तुम्हाला माहीतच आहे. तेव्हा रात्रीच्या एस.टी.त बसायचं. पिंपळनेर, ताहाराबाद, सटाणा करत गाडी नाशिकला जाते आणि कसारा घाट उतरून सकाळी मुंबईत. तीनशे किलोमीटरहून जास्त प्रवास आहे. सुट्टीत गाड्या भरून वाहतात, म्हणून जागा आधी राखून ठेवा. आणि जायचा वार ठरवताना कॅलेंडर नीट पाहा. घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात. एवढं लांब जाऊन गेटवे ऑफ इंडियावरून नुसतं पाणी पाहून परत यायचं म्हणजे काय मजा?

आम्ही गेलो होतो सातजण. त्यात सहावीतला भाचा होता, तिसरीतली भाची होती आणि पंचाहत्तरी ओलांडलेली आजी होती. आजीनं जन्मात समुद्र पाहिला नव्हता. पाणी म्हणजे तिला कान नदी ठाऊक, पांझरा ठाऊक, फार तर मालनगावचं धरण. गेटवेच्या कठड्याशी ती उभी राहिली आणि बराच वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, “माय वं! इतलं पानी शे, पन पेवाले थेंब नही!”

भाचा हसला. पण आजीचं बोलणं लक्षात ठेवा, पुढं बेटावर ते पुन्हा उपयोगी पडणार आहे. आणि हो, आपलं पाणी या समुद्राला अगदीच परकं नाही बरं का! साक्रीची कान नदी पांझरेला मिळते, पांझरा तापीला मिळते, आणि तापी सुरतेजवळ याच अरबी समुद्राला मिळते. पावसाळ्यात तुमच्या गावावरून वाहून गेलेलं पाणी कुठं जातं, असं कुणी विचारलं तर आता उत्तर देता येईल.

गेटवेची कमान १९२४ मध्ये पुरी झाली. सुट्टीच्या दिवसांत तिच्यासमोर इतकी गर्दी असते की आपल्या यात्रेची आठवण यावी. फुगेवाले, फोटो काढणारे, चणेवाले, आणि “एलिफंटा, एलिफंटा” असं ओरडणारे तिकीटवाले. इथं घरातल्या मोठ्यांनी एक काम करावं. मुलांना एक खूण दाखवून ठेवावी आणि सांगावं, चुकलास तर इथं येऊन उभं राहायचं, दुसरीकडं जायचं नाही. बेटावर उतरल्यावरही तिथली खूण ठरवावी. हे का सांगतोय ते पुढं येईलच.

लाँचमध्ये चढणं हीच पहिली गंमत आहे. धक्क्याच्या पायऱ्यांना लाँच टेकते, पण ती स्थिर थोडीच राहते? लाट आली की वर जाते, लाट गेली की खाली. कधी दोन-तीन लाँच एकमेकींना लागून उभ्या असतात आणि एकीतून दुसरीत पाऊल टाकावं लागतं. खलाशी हात देतात. घाई करायची नाही, एक पाऊल पक्कं पडलं की दुसरं उचलायचं. आजीला दोन खलाशांनी अलगद उचलून आत ठेवलं. ती म्हणाली, बैलगाडीत चढायला याहून जास्त त्रास होतो!

आत बसलात की पहिलं काम कोणतं? खिडकीची जागा पकडणं? नाही. जीवरक्षक जाकीट मागून घेणं. हे मी जरा थांबून सांगतो. १८ डिसेंबर २०२४ या दिवशी गेटवेहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ नावाच्या बोटीवर नौदलाची एक वेगवान बोट येऊन आदळली. त्या वेगवान बोटीच्या इंजिनाची चाचणी चालली होती आणि तिचा ताबा सुटला. नीलकमलवर शंभरापेक्षा जास्त माणसं होती. आजूबाजूच्या बोटींनी धावत येऊन पुष्कळांना वाचवलं, तरी १५ जणांचा जीव गेला. त्यात सुट्टीला आलेली मुलंही होती. तेव्हा बऱ्याच प्रवाशांच्या अंगावर जाकिटं नव्हती. त्यानंतर जाकीट घालणं सक्तीचं झालं.

हे वाचून घाबरायचं कारण नाही. या वाटेवरून रोज हजारो माणसं जातात आणि हसतखेळत परत येतात. पण जाकीट घालायचं म्हणजे नुसतं खांद्यावर अडकवायचं नाही. पट्टे ओढून बांधायचे, क्लिप ‘टक्’ वाजेपर्यंत लावायची. लहान मुलाला मोठ्यांचं जाकीट घातलं तर पाण्यात ते डोक्यावरून निघून जातं, म्हणून मुलांच्या मापाचं मागायचं. आमच्या भाचीला पहिलं दिलं ते तिच्या गुडघ्यापर्यंत आलं. दुसरं मागितलं तर माणूस कुरकुरला, पण दिलं. मागायला लाजू नका. उकडतं, फोटोत चांगलं दिसत नाही, शेजारचे घालत नाहीत. ही तिन्ही कारणं कुचकामी आहेत.

वरच्या डेकवर बसायला थोडे पैसे वेगळे पडतात. पण वारा आणि देखावा दोन्ही तिथंच. प्रवास तासाभराचा, अंतर सुमारे दहा किलोमीटर. मागं गेटवे आणि ताजमहाल हॉटेल लहान लहान होत जातात. नौदलाच्या करड्या रंगाच्या बोटी दिसतात. तेलाची जहाजं लागतात ते बेट दिसतं. लांबवर न्हावा-शेवा बंदरातल्या उंचच उंच क्रेन जिराफासारख्या माना काढून उभ्या असतात. थंडीच्या दिवसांत कुरव नावाचे पांढरे पक्षी बोटीबरोबर उडत येतात. लोक त्यांना वेफर्स आणि कुरकुरीत शेव टाकतात. ते बिचारे मासे खाणारे पक्षी! तुम्ही नुसते पाहा. इतक्या जवळून पक्ष्याचा डोळा पाहायला मिळतो, हेच पुष्कळ झालं.

आणि मग समोर डोंगर येतो. पाण्यातून वर आलेला, झाडांनी भरलेला. किनाऱ्याला खारफुटीची झाडं चिखलात उभी असतात. ओहोटी असली तर पाणी मागं सरकून काळा चिखल उघडा पडतो आणि त्यात छोटे खेकडे पळताना दिसतात. भरती-ओहोटी रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढं सरकते, म्हणून काल सकाळी जिथं पाणी होतं तिथं आज त्याच वेळी पाणी तेवढंच असेल असं नाही. किनारा असा उथळ असल्यामुळंच इथला धक्का लांबलचक बांधला आहे. धक्क्यापासून पायऱ्यांपर्यंत बागेतल्यासारखी छोटी आगगाडी असते. तिच्यासाठी रांग मोठी असेल तर सरळ चालू लागा. अंतर किलोमीटरभरही नाही.

पायऱ्या सुमारे १२० आहेत. दोन्ही बाजूंना दुकानं आणि वर ताडपत्र्यांचं छप्पर. शंखशिंपल्यांच्या माळा, दगडी हत्ती, टोप्या, चष्मे! इथं मुलांचे पाय जड होतात आणि वडिलांचे पाय एकदम हलके होतात, असं माझं निरीक्षण आहे. चढता चढता माकडांपासून मात्र सांभाळा. हातातली पिशवी आणि रंगीत सरबताची बाटली त्यांना फार आवडते. बाटलीचं झाकण उघडून सरबत पिणारं माकड मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

ज्यांना चढवत नाही त्यांच्यासाठी डोली मिळते. खुर्चीला दोन दांडे बांधलेले आणि चौघांनी ती खांद्यावर घ्यायची. आजीच्या गुडघ्यांना पायऱ्या झेपणार नव्हत्या. पण ती डोलीत बसेना. म्हणाली, “मेल्यावर चौघांच्या खांद्यावर जायचंच आहे, जित्तेपणी कशाला?” शेवटी डोलीवाल्यांपैकी एक वयस्क गृहस्थ तिच्याजवळ येऊन बसले. त्यांनी सांगितलं, “आजी, तुम्ही नाही बसलात तर आमची आजची चूल कशी पेटणार?” मग आजी उठली. वर पोचल्यावर तिनं चौघांना नाव, गाव, मुलंबाळं सगळं विचारलं आणि आपल्या पिशवीतल्या शेवेची पुडी त्यांच्या हातात ठेवली.

आता मुख्य लेणं. दारात उभं राहून आधी डोळे मिटा आणि मग उघडा. बाहेरच्या उन्हातून आल्यामुळं पहिली दोन मिनिटं काही दिसतच नाही. हळूहळू खांब दिसू लागतात. वर उशीसारखा फुगीर दगड असलेले जाडजूड खांब, रांगेत उभे. मग लक्षात येतं की खांब आणून उभे केलेले नाहीत. अख्खा डोंगर कोरून आतला दगड काढून टाकला आणि जो ठेवला तो खांब झाला! आपल्या खान्देशात जो काळा दगड आहे ना, विहीर खणताना लागतो तो, तसाच हा कातळ. सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ज्वालामुखीचा लाव्हा थरावर थर पसरून तो झाला. साक्री तालुक्यातल्या भामेर किल्ल्यावरच्या कातळातल्या खोल्या तुमच्यापैकी काहींनी पाहिल्या असतील, अजिंठाही पाहिला असेल. तेच काम, तीच छिन्नी आणि हातोडी. फक्त इथं कारागिरांना छिन्नीसुद्धा होडीतून आणावी लागली असेल.

हे लेणं सहाव्या शतकातलं, म्हणजे जवळजवळ दीड हजार वर्षांपूर्वीचं मानतात. बेटावर कलचुरी राजा कृष्णराज याची नाणी सापडली आहेत, म्हणून त्याच्या काळात ते झालं असावं, असा अनेक अभ्यासकांचा कयास आहे. नक्की सांगणारा शिलालेख का नाही? एक शिलालेख होता. १५३४ मध्ये हा मुलूख पोर्तुगीजांच्या हाती गेला. त्यांच्यातल्याच कूटो नावाच्या इतिहासकारानं लिहून ठेवलंय की इथला कोरलेला दगड काढून पोर्तुगालच्या राजाकडं पाठवला. तिकडं तो कुणाला वाचता आला नाही आणि पुढं त्याचा पत्ताच लागला नाही. एक दगड हरवला आणि केवढं मोठं गणित अर्धवट राहिलं पाहा!

सरळ आत जा. मागच्या भिंतीत, अंधारातून तीन चेहरे पुढं येतात. उंची सुमारे साडेपाच मीटर. एकावर एक तीन मोठी माणसं उभी केली तर जेवढी होतील तेवढी! पुष्कळजण हिला त्रिमूर्ती म्हणतात आणि ब्रह्मा, विष्णू, महेश अशी नावं सांगतात. पण अभ्यासकांच्या मते हे तिन्ही चेहरे एकट्या शिवाचेच आहेत. तुमच्या डाव्या हाताचा चेहरा पाहा. कपाळाला आठ्या, ओठांवर मिशी, रागावलेला. उजव्या हाताचा चेहरा सौम्य, बाईसारखा, हातात कमळ. आणि मधला? तो डोळे मिटून शांत आहे. भाची म्हणाली, “डावीकडचे पप्पा, उजवीकडची मम्मी.” मी विचारलं, “मग मधला कोण?” ती म्हणाली, “पप्पाच. रविवारी.” मोठमोठ्या ग्रंथांत जे पानंच्या पानं लिहिलं आहे ते तिनं दोन शब्दांत सांगून टाकलं, असं मला तरी वाटलं.

या मूर्तीसमोर गर्दी फार असते. सगळे पाठ करून उभे राहतात, फोटो काढतात आणि निघतात. मूर्तीकडं पाहणारे थोडे. तुम्ही जरा बाजूच्या खांबाशी थांबा. एक घोळका जातो आणि दुसरा यायच्या आत अर्ध्या मिनिटाची शांतता मिळते. ती सोडू नका.

भिंतींवर आणखी गोष्टी कोरल्या आहेत. महेशमूर्तीच्या डाव्या हाताला अर्धनारीश्वर, उजव्या हाताला गंगा मस्तकावर झेलणारा शिव. दुसरीकडं शिवपार्वतीचं लग्न, एका ठिकाणी दोघं सारीपाट खेळताहेत. रावण कैलास पर्वत हलवतोय, तोही आहे. आमच्या भाच्यानं वेरूळला तो पाहिला होता, लगेच ओळखला. पण या बहुतेक मूर्तींना पाय नाहीत. हात तुटलेत, नाकं उडालीत. पोर्तुगीज शिपायांनी नेमबाजी शिकताना त्यांच्यावर गोळ्या झाडल्या, असं सांगतात. अंधकासुराला मारणारा शिव खालून पार मोडला आहे, तरी त्याच्या चेहऱ्यावरचा आवेश तसाच आहे. शिपायांना गोळीनं पाय मोडता आले, राग मोडता आला नाही. आणि हल्लीचे शिपाई कोण? भिंतीवर स्वतःचं नाव कोरणारे! १९८७ पासून ही जागा जागतिक वारशाच्या यादीत आहे. तिथं आपलं नाव कोरून ठेवणाऱ्याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

मुख्य लेण्याच्या बाजूला पाण्याचं टाकं आहे, तेही कातळात खोदलेलं. इथं आजी थांबली. मूर्तींपेक्षा तिला ते टाकंच जास्त आवडलं. समुद्राच्या मध्ये राहायचं तर प्यायला पाणी लागणार आणि ते पावसाचंच साठवावं लागणार, हे दीड हजार वर्षांपूर्वीच्या लोकांनी ओळखलं होतं. आजही बेटावर डोंगरात एक लहानसं धरण आहे आणि पावसाळ्यात भरलेलं तेच पाणी पुरवून पुरवून वापरायचं असतं. हो, बेटावर गावं आहेत! शेतबंदर, मोराबंदर आणि राजबंदर अशी तीन. हजाराच्या वर माणसं राहतात. पर्यटकांना इथं रात्री राहता येत नाही, त्यामुळं संध्याकाळची शेवटची लाँच गेली की बेट त्यांचं एकट्याचं होतं. त्यांची ग्रामपंचायत उरण तालुक्यात, रायगड जिल्ह्यात मोडते. मुंबईचे दिवे रोज डोळ्यांसमोर लखलखत, पण यांच्या घरी मात्र संध्याकाळी जनरेटर चालेल तेवढे तासच उजेड. २०१८ च्या फेब्रुवारीत समुद्राच्या तळातून सुमारे साडेसात किलोमीटरची केबल टाकून वीज आली, तेव्हा कुठं घरात पंखे फिरले. भारनियमन काय असतं हे आपल्याकडच्या मुलांना वेगळं सांगायला नकोच.

म्हणून तिथं गेल्यावर नळ वाहता सोडू नका आणि पाण्याच्या रिकाम्या बाटल्या बेटावर टाकू नका. जशा नेल्या तशा परत आणा. आपल्या गावात एप्रिल-मे महिन्यात टँकर येतो, तेव्हा एका बादलीची किंमत काय असते हे आपल्याला कळतं.

वेळ असेल तर आणखी वर चढून जुन्या दोन तोफा पाहता येतात. तिथून सगळं बंदर दिसतं. लेणी एकूण सात आहेत. त्यांतली दोन पलीकडच्या डोंगरावर, जिथं विटांच्या बौद्ध स्तूपाचाही उंचवटा आहे. पण सुट्टीच्या गर्दीत सगळं एका दिवसात होत नाही, आणि मी म्हणतो, होऊही नये. एक लेणं नीट पाहावं.

परतताना खरी कसोटी लागते. पाचच्या सुमाराला सगळं बेट एकदम धक्क्याकडं धावतं. आम्ही त्या रांगेत असताना पायऱ्यांच्या तळाशी एक लहानगा मुलगा रडताना दिसला. वय असेल सहा वर्षांचं. लोक हिंदीत विचारत, इंग्रजीत विचारत, तो फक्त मान हलवी. मग तो हुंदके देत म्हणाला, “मनी माय कोठे शे?” एवढ्या गर्दीत आजीचे कान टवकारले! ती रांग सोडून त्याच्याकडं गेली आणि खाली बसली. “कोणता गावना शे रे तू?” असं तिनं विचारताच त्या पोरानं तिचा पदर जो पकडला तो सोडेचना. तो अमळनेरकडचा होता. त्याच्या वडिलांनी त्याला ‘पायऱ्या संपतात तिथंच थांबायचं’ असं सांगून ठेवलं होतं आणि तो तिथून हलला नव्हता. म्हणूनच वीस मिनिटांनी आईबाप धावत तिथंच आले. तो इकडंतिकडं शोधत फिरला असता तर? त्या वीस मिनिटांत आमची लाँच सुटली. भाचा जरा कुरकुरला. पण पुढच्या लाँचमधून सूर्य मावळताना दिसला, तो आधीच्या लाँचमधून दिसला नसता.

आता एक प्रश्न राहिला. एलिफंटा हे नाव कुठून आलं? बेटावर तर एकही हत्ती नाही! पूर्वी राजबंदराजवळ दगडाचा एक मोठा हत्ती होता. तो पाहून पोर्तुगीजांनी बेटाला हत्तीचं नाव दिलं. पुढं १८६४ मध्ये इंग्रजांनी तो इंग्लंडला न्यायचं ठरवलं. क्रेननं उचलताना तो खाली पडला आणि त्याचे तुकडे झाले. ते तुकडे मुंबईत आणले गेले आणि १९१४ मध्ये जोडून पुन्हा हत्ती उभा केला. भायखळ्याला राणीच्या बागेपाशी, डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात तो आजही आहे. जवळ जाऊन पाहिलंत तर जोडाच्या रेषा दिसतात. परतीची एस.टी. रात्रीची असेल तर दुसरा दिवस मोकळा मिळतो, तेव्हा त्याला भेटून या. फक्त बुधवारी जाऊ नका, त्या दिवशी बाग आणि संग्रहालय दोन्ही बंद असतात.